सत्काराचं जाकीट

म्हशीच्या गळ्यातून बोलतोय म्हणून हसू नका. आता वीतभर पट्टी एवढाच उरलोय, पण एके काळी मी अख्खं जाकीट होतो. पोपटी-पिवळं, कॉलरपासून कंबरेच्या खालपर्यंत, वर डोक्याला टोपी. पावसात भिजू न देणारं आणि अंधारात लांबून दिसणारं. रस्त्यावर राबणाऱ्या माणसासाठी मला बनवलं होतं. माझ्या आत जो उभा आहे तो गाडीवाल्याला वेळेत दिसला पाहिजे, एवढंच माझं काम. इतकं सोपं काम, पण तेही माणसांनी मला धड करू दिलं नाही.

म्हैस चरतेय तोवर सांगून टाकतो. हिला घाई नसते, आणि मध्येच तोंड घालून स्वतःचं शहाणपण सांगायची सवयही नाही.

माझा जन्म बेळगावचा. उद्यमबागेत एका छोट्या कारखान्यात मला शिवलं. चारी बाजूंना लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्यांची धूळ आणि मध्ये आमची शिवणयंत्रं. शिवून झालं की लगेच बाहेर सोडत नसत. तपासणीला कल्याणी नावाची एक तरुण बाई होती, मोठी कडक. माझ्या शिवणीवर ती दाबानं पाणी सोडायची आणि आतून बोट फिरवून बघायची. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन तोंडावर बॅटरी मारायची. पट्टी झगझगीत उजळली नाही तर माल परत. रंग किती भडक हवा, पट्टी किती रुंद हवी, धुण्यात पडल्यावरही किती चमक उरली पाहिजे, याचे सगळे नियम ठरलेले आहेत. मानक म्हणतात त्याला. कंबरेभोवतीची पट्टी पूर्ण फिरलेली हवी, म्हणजे माणूस पाठमोरा उभा असो की आडवा, दिसलाच पाहिजे. विचार करून केलेली गोष्ट आहे ती. कुठल्या तरी शहाण्या माणसांनी केली असणार. पुढं मला तशी फार भेटली नाहीत.

माझ्या आतल्या बाजूला एक पांढरा कापडी तुकडा शिवला होता. त्यावर बारीक चित्रं. इस्त्रीवर फुली, ब्रशवर फुली. आणि खाली एक सूचना, की हे जाकीट सगळ्यांत वर घालावं, त्यावर दुसरं काही घालू नये. ती वाचून मला तेव्हा हसू आलं होतं. जाकिटावर आणखी काही कोण घालेल? असला वेडा असतो कुठं?

जांबोटीला असतो.

मला विकत घेतलं मारुतीराव ठेकेदारांनी. मूळचे कंग्राळीचे. जांबोटीवरून पुढं घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या डागडुजीचा ठेका त्यांच्याकडं होता. कामावरच्या प्रत्येक माणसाला असं जाकीट द्यायचं, ही ठेक्यातली अट. खोटं कशाला बोलू, मारुतीरावांनी माल अस्सल घेतला. बाजारात आमच्यासारखी दिसणारी नकली जाकिटंही मिळतात. एका पावसात त्यांचा रंग ओघळतो आणि पट्टी म्हणजे नुसता चांदीचा कागद. तसला चोरटेपणा मारुतीरावांनी केला नाही. त्यांनी त्याहून मोठा घोळ केला. त्यांनी आमचा समारंभ केला.

देवळापुढं मांडव, मांडवात स्टेज, स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर मोठी माणसं. आणि तेही पावसाळा सरता सरता. रेनकोट वाटायला यांना हाच मुहूर्त सापडला. एकेका गँगमनचं, म्हणजे रस्त्यावरच्या कामगाराचं, नाव पुकारायचं, त्याला फेटा बांधायचा, शाल पांघरायची, हातात नारळ द्यायचा आणि नारळावर मी. मग सगळ्यांनी फोटोवाल्याकडं बघायचं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरून गेलो होतो. वाटलं, आता कुणीतरी पिशवी फोडेल, मला काढेल, हे कशासाठी आहे ते चार शब्दांत सांगेल. मारुतीरावांनी माइक हातात घेतला आणि काय म्हणाले?

"मंडळी, हे नुसतं जाकीट न्हवं! ह्यो तुमच्या घामाचा सन्मान हाय! जपा त्येला!"

टाळ्या. झालं. इथंच माझं वाटोळं झालं.

मला ज्याच्या हातात दिलं तो मष्णू. पन्नाशीचा, कमी बोलणारा, अंगानं काटक. रस्त्याकडेची गटारं काढणं, खड्डे भरणं, पावसात झाड पडलं की तोडून बाजूला करणं, आणि झाड तुटेपर्यंत वळणावर लाल बावटा घेऊन गाड्या थांबवणं. त्याचं घर रस्त्याला लागूनच, आणि घराच्या खालच्या अंगाला एक आंधळं वळण. पलीकडून येणाऱ्याला अलीकडचं काही दिसत नाही. पावसाळ्यात वरून धुकं उतरतं, मग तर हाताला हात दिसत नाही. आदल्याच वर्षी एक मोटारसायकलवाला मष्णूच्या पोटरीला घासून गेला होता. म्हणजे ज्या माणसाला माझी खरी गरज, नेमका त्याच्याच घरी मी पोचलो होतो. मनात म्हटलं, चला, जन्माचं सार्थक झालं.

डोंबलाचं सार्थक.

मष्णूनं मला बायकोच्या हातात दिलं. मनुबाई तिचं नाव. मोठी टापटिपीची बाई. घरात कुठली वस्तू वाया जाऊ देणार नाही, आणि वापरूही देणार नाही. तिनं मला देवापुढं ठेवलं, हळद-कुंकू लावलं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट घडी केली आणि चार डांबरगोळ्या टाकून ट्रंकेत ठेवून दिलं.

"अगं, कामावर घालायला दिल्यात न्हवं ते?" मष्णू एकदाच म्हणाला.

"कामावर? चिखलात? सत्काराची वस्तू ती! तुमची जुनी रेनकोट फाटल्या काय?"

फाटलेला नव्हता. काळा, जाडजूड, धुक्यात डोळ्यांत बोट घातलं तरी न दिसणारा. मष्णूनं मान हलवली. त्यालाही पटलं होतं.

या मुलुखात सत्काराच्या शालीचं काय होतं ठाऊक आहे ना? थंडीनं दात वाजतील, शेकोटीला बसतील, पण ती शाल कुणी पांघरणार नाही. ती ट्रंकेत जाते आणि कुणी पाहुणा आला की दाखवायला बाहेर येते. माझ्या शेजारी अशीच एक शाल होती, मष्णूला गणपती मंडळानं दिलेली. मी आत पडल्या पडल्या म्हणाली, "आलास? ये. पाय पसरून बस. आता कुठं जायचं नाही." तिची घडी अजून मोडली नव्हती. तिच्यापलीकडं खोक्यातलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं, ते बिचारं खोक्यातच थांबलेलं. एक स्टीलच्या डब्यांचा संच होता, त्यानं अजून डाळ पाहिली नव्हती. भल्या माणसांनी भल्या मनानं जिवंत पुरलेल्या वस्तूंची ती ट्रंक. आणि वर डांबरगोळ्यांचा वास.

खंडेनवमीला बाहेर निघालो. म्हटलं, सुटलो. अंगणात गोठ्याच्या भिंतीला कुऱ्हाड, कोयता, पहार, फावडं धुऊन मांडलेली, आणि त्यांच्या रांगेत मी. झेंडूचा हार. ऊस. मनुबाईनं ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवली ती नेमकी माझ्या छातीवरच्या पट्टीवर. ज्या पट्टीवर उजेड पडायचा, तिच्यावर! मला ओरडावंसं वाटलं. पण कुऱ्हाडीच्या पात्यालाही कुंकू लावलं होतं आणि ती समजूतदारपणे गप्प होती. ती गप्प बसणारच. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कोयता गेला, फावडं गेलं. मी हारासकट ट्रंकेत. कुंकवाचा डाग पुढं मनुबाईनं ब्रशनं घासून घासून काढला. डाग गेला आणि चमकही गेली. ब्रशवरची फुली कुणी बघितलीच नव्हती.

पुढं मे महिन्यात मनुबाईच्या भाच्याचं लग्न आलं, खानापूरच्या कार्यालयात. ऊन असं की डांबर वितळावं. आणि या पठ्ठ्यानं मला त्या दिवशी अंगावर चढवलं! आदल्या दिवशी यानं आपल्या लेकीच्या इस्त्रीनं मला कडक इस्त्रीही केली, दोन पट्ट्यांना भेगा पडल्या. पांढरं धोतर, डोक्याला टोपी आणि वरून मी, चैन गळ्यापर्यंत लावून. पावसात न भिजू देणारं कापड उन्हात आतल्या माणसाची भाजी करतं. मष्णू घामानं निथळत होता, पण छाती पुढं.

फाटकाशी एक पाहुण्यांची मोटार आली. आतल्या गृहस्थानं काच खाली करून विचारलं, "गाडी कुठं लावू?"

आता, वराच्या एवढ्या जवळच्या नातेवाइकानं यावर रागवायला हवं की नको? छे! मष्णूनं दोन्ही हात करून त्याला जागा दाखवली. मग दुसरा आला, तिसरा आला. सगळं लग्न आमचं फाटकात गेलं. अक्षता पडल्या तेव्हाही हे महाराज एका जीपवाल्याला "मागं घ्या, आनि मागं घ्या" करत होते. संध्याकाळी घरी येताना मनुबाईला म्हणाला, "बगितलंस न्हवं? एकबी गाडीवाला मला इचारल्याशिवाय गेला न्हाय. लांबनंच थांबायची."

मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, हेच! हेच काम! लांबूनच थांबायच्या! आता एवढं डोक्यात शिरलंच आहे तर पावसाळ्यात घालशील का मला? पण ते शहाणपण त्याच्या डोक्यात एका कानातून आलं आणि दुसऱ्यानं गेलं. घरी आल्यावर मी परत ट्रंकेत. डांबरगोळ्या बदलल्या होत्या, एवढीच काय ती सोय.

त्या घरात एकच माणूस ताळ्यावर होतं. त्यांची मुलगी दिपाली. ती बेळगावात एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, शनिवारच्या बसनं घरी यायची. तिच्या कारखान्यात फाटकातून आत पाऊल टाकतानाच असलं जाकीट अंगावर लागतं, मग तो साहेब असला तरी. आल्या आल्या ती बापाला एकच विचारायची, "आप्पा, जाकीट घालतासा का न्हाय?"

"घालतो की. लग्नात घातलतो."

"लग्नात कशाला? वळणावर घाला की ओ! गाडीवाल्याला दिसाय नको तुमी?"

"वळणावर काय ऱ्हायलंय गं? झाडं, माकडं आनि आमी. घाण हुतंय उगंच."

बघा. म्हणजे चार माणसांत दिसायला जाकीट आणि मरणाच्या वळणावर काळा रेनकोट. यावर दिपालीनं कपाळावर हात मारून घेतला. मला कपाळ नाही, नाहीतर मीही मारून घेतला असता.

आणि मग तो जुलै आला.

रविवारचा दिवस, दिवेलागणीची वेळ. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. वळणाच्या पुढं एक जांभळीचं झाड मुळासकट रस्त्यावर आडवं झालं. महादेव हाक मारायला आला. हा मष्णूच्याच गँगमधला, वयानं लहान, मष्णूला आण्णा म्हणणारा. "आण्णा, चला लवकर. झाड पडल्यात. तुमी बावट्याला उभं ऱ्हावा, आमी तोडतो."

दिपाली घरीच होती. तिनं कुणाचं ऐकलं नाही. ट्रंक उघडली, शाल बाजूला फेकली, मला बाहेर ओढलं, बापाच्या अंगात घातलं आणि स्वतःच्या हातानं चैन गळ्यापर्यंत लावली. मनुबाई "अगं, नवं हाय, फांद्या लागतील..." म्हणत होती. दिपाली म्हणाली, "फाटू दे गं आई! फाटाय दिल्यात ते!"

मी तर हरखून गेलो. दाराबाहेर पडलो तेव्हा पहिले थेंब माझ्यावरून घसरले. अंगणात विजेचा दिवा होता, त्याच्या उजेडात माझी कंबरेची पट्टी अशी उजळली की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. वाटलं, आता बघा. आता येऊ दे कुठली गाडी यायची ती.

गोठ्याच्या कडेला मष्णू थांबला. मागं वळून बघितलं. दिपाली आत गेली होती. त्यानं खुंटीवरचा काळा रेनकोट काढला आणि माझ्यावरून घातला.

मला आधी कळेचना काय चाललंय. पावसापासून वाचवणारं जाकीट पावसात भिजू नये म्हणून त्यावर रेनकोट! एवढी अक्कल एका डोक्यात मावते तरी कशी? महादेवनं विचारलं, "आण्णा, वर आनि ही कशाला?"

"चिखल हाय रं. फांदीबिंदी लागून फाटलं म्हंजे? आत असूं दे."

आणि महादेवला ते पटलं! पटणारच की. त्याचं स्वतःचं जाकीट अजून पिशवीतूनसुद्धा बाहेर आलं नव्हतं.

मष्णू वळणावर उभा राहिला. लाल बावटा भिजून काठीला चिकटलेला. धुकं खाली उतरलेलं. पुढं महादेव आणि बाकीचे कुऱ्हाडी चालवत होते, त्याचा आवाज येत होता. मी काळोखात, त्या जाड कापडाखाली, मष्णूच्या छातीला चिकटून. त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. मी सगळा जोर लावून चमकत होतो, पण उजेड यायलाच जागा नव्हती. तुमच्या डोक्यावर कुणी गोणपाट टाकून वर म्हणावं, बघ नीट, तसं झालं होतं माझं.

बेळगावची भाजी गोव्याला पोचवून रिकामा परतणारा एक टेम्पो वळणावर आला. त्याचा प्रकाश मष्णूवर पडला होता, शपथेवर सांगतो. पण काळा रेनकोट, काळं ओलं झाड आणि काळा ओला रस्ता, ड्रायव्हरनं यातलं माणूस कोणतं म्हणून ओळखायचं? त्यानं ब्रेक लावला तेव्हा फार उशीर झाला होता.

मष्णू गटाराच्या कडेला पडला. रेनकोटाची बटणं तुटली आणि तो उघडा पडला. तेव्हा, हो तेव्हा, टेम्पोचा सगळा प्रकाश माझ्यावर आला आणि मी असा उजळलो की पुढं झाड तोडणारे लोकही वळून बघायला लागले. त्या क्षणी मला माझ्या चमकण्याची किळस आली.

ड्रायव्हर तरणा माणूस होता. तो पळून गेला नाही. मष्णूच्या डोक्याखाली हात घालून रडत होता. "मामा, दिसला न्हाईसा ओ. खरंच दिसला न्हाईसा." मग त्याची नजर माझ्यावर गेली. "आत हे घातलाय की! वर का न्हाय घातलं? मामा, वर का न्हाय घातलं?"

मष्णू नुसता कण्हत होता.

महादेव आणि बाकीच्यांनी झाड तोडून वाट मोकळी केली आणि त्याच टेम्पोत, भाजीच्या रिकाम्या बुट्ट्यांच्या मध्ये निजवून त्याला बेळगावला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, उजव्या खांद्याचा चुरा. हात बाहीतून निघेना. तिथल्या सिस्टरनं कात्री उचलली. आणि इतका वेळ ज्याच्या तोंडून हुंकाराशिवाय काही निघालं नव्हतं, त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "शिष्टर, कापू नगासा. चैन हाय त्येला. नवं हाय ते."

सिस्टरची कात्री हवेतच राहिली. एवढ्या वर्षांत तिनं बरंच ऐकलं असेल, पण हे ऐकलं नसावं. "मामा," ती म्हणाली, "तुमचा हात बघू का तुमचं जाकीट?"

आणि कापलं. बाहीपासून गळ्यापर्यंत, मग पाठीतून. मला वाईट वाटलं असेल असं वाटतं तुम्हाला? अजिबात नाही. वर्षभरात माझी किंमत पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर केली होती. त्या बाईला जाकिटापेक्षा माणूस मोलाचा वाटला.

मनुबाई दिपालीबरोबर पोचली तेव्हा माझे तुकडे खाटेखाली पडले होते. तिनं ते गोळा केले, बाकावर बसली आणि मांडीवर घेऊन त्यांची घडी घालायला लागली. सवय! बाहीचा तुकडा दुमडला, त्यावर पाठीचा तुकडा ठेवला, कडा जुळवल्या. आणि मध्येच तिचा हात थांबला. आतल्या पांढऱ्या तुकड्यावर रक्त होतं. तिनं ती घडी विस्कटली आणि हंबरडा फोडला. "मीच ठिवलं गं दिपाली. मीच डांबरगोळ्या घालून ठिवलं. ह्येंचा हात गेला आनि माझी घडी ऱ्हायली!"

मी तिच्यावर वर्षभर चिडलेलो होतो. पण तिथं, तिच्या मांडीवर, तो राग ओसरला.

मष्णू जगला. पण पाय फेंगडा पडतो आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कुऱ्हाड उचलणं संपलं, गँग संपली. आता तो म्हैस चारतो. दिपालीनं माझ्या धड राहिलेल्या पट्ट्या कापून घेतल्या. एक बापाच्या काठीला शिवली, एक म्हशीच्या गळपट्ट्याला. तो म्हशीचा मी. बाकीचा कुठं गेला विचारू नका, चुलीनं घेतला असेल.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला मारुतीराव पुन्हा आले. नवा ठेका मिळाला होता, नवी जाकिटं आणली होती. आणि काय केलं असेल? अगदी बरोबर. पुन्हा शाल, पुन्हा नारळ, पुन्हा फोटोवाला. या खेपेला समारंभ मष्णूच्या अंगणातच. "आमचा मष्णूआप्पा कामावर जखमी झाला, त्येचा मान म्हणून समदी जाकिटं मनुबाईंच्या हस्ते!" मला वाटलं, संपलं. हे लोक सुधारायचे नाहीत. म्हैस अंगणात बांधलेली होती, तिच्या गळ्यातून मी सगळं बघत होतो आणि दातओठ खात होतो.

महादेवचं नाव पुकारलं. तो हात जोडून पुढं आला. मनुबाईनं पिशवी घेतली. दातानं प्लॅस्टिक फाडलं. जाकीट झटकून घडी मोडली आणि कुणाला काही कळायच्या आत म्हशीपुढच्या चिखलाच्या डबक्यात बुडवलं. वरून एकदा पायानं दाबलं.

"अवो मनुबाई!" मारुतीराव खुर्चीतून उठले. "काय करतासा हे? नवीन हायत ती!"

"व्हय. नवीन हायत म्हणूनच." तिनं जाकीट बाहेर काढलं, पाणी झाडलं आणि पट्ट्या तेवढ्या पदरानं लखलखीत पुसल्या. "नवं हाय म्हणून आमी ठिवलं, मालक. नवं हाय म्हणून ह्येंनी रेनकोटाच्या आत लपवलं. आता हे जुनं झालंय. घे रं महादेव. माझ्या म्होरं घाल. आनि तुझ्या बायकोला सांग, मनुवैनीनं घाण करून दिल्यात, ट्रंकेत ठिवायच्या लायकीचं न्हाय म्हणून."

महादेवनं घातलं. चिखलाचं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओघळत होतं. मारुतीराव फोटोवाल्याकडं बघत होते, फोटोवाला कॅमेरा खाली धरून उभा. मनुबाईनं एकेक करून सगळी जाकिटं बुडवली, एकेकाच्या पट्ट्या पुसल्या आणि एकेकाच्या अंगात घातली. शेवटी नारळ तेवढे तिनं कोरडे दिले, खायला.

कल्याणीनं माझ्यावर पाणी सोडून, अंधारात उजळवून मला तपासलं होतं. पण माणसाच्या घरात जाकीट टिकण्यासाठी ही चिखलाची चाचणी लागते, हे कुठल्याही मानकात लिहिलेलं नाही. ते मनुबाईला कळलं, आणि त्यासाठी काय मोजावं लागलं तेही तिलाच माहीत.

आता तुम्ही. मघापासून मान डोलवत ऐकताय, जसं काही हे जांबोटीलाच घडतं. उठा, तुमचं कपाट उघडून बघा. खोक्यातलं हेल्मेट सापडेल. "पोरांनी आणलंय, चांगलं आहे, घाटात जाताना घालीन" म्हणून ठेवलेलं. न फोडलेले हातमोजे सापडतील, कोऱ्या गमबुटाची जोडी सापडेल. त्यांना बाहेर काढा हो! मळू द्या, ओरखडू द्या, फाटू द्या. आम्हाला जपायला आणलेलं नाही, तुम्हाला जपायला आणलंय. एवढी साधी गोष्ट मी म्हशीला सांगितली असती तर आतापर्यंत तिलासुद्धा समजली असती. तिनं मला कधी घडी घालून ठेवलं नाही.

पुरे. दिवस मावळला, धुकं उतरायला लागलं. मष्णू आलाच. तो रोज या वेळी येतो, रस्त्यावर जायच्या आधी म्हशीच्या गळ्यातला चिखल डाव्या हातानं पुसतो, पट्टी स्वच्छ झाली का वाकून बघतो, मग तिला हाकलतो. आजही पुसलं. चल म्हणाला. त्याची काठी पुढं, आम्ही मागं.

आज खालच्या अंगाला दरड सरकलीय. वळणावर बावटा घेऊन महादेव उभा आहे. अंगावर तेच जाकीट, चिखलानं पार कळकटलेलं, वर काही नाही. पलीकडून गाडीचा आवाज येतोय. मष्णू थांबला. म्हैस थांबली. काठीवरची त्याची पकड घट्ट झालेली मला इथून दिसतेय.

प्रकाश वळला. महादेवची पट्टी धुक्यात लख्खकन उजळली. टेम्पो लांबूनच हळू झाला, आणखी हळू झाला आणि महादेवपासून बऱ्याच अंतरावर येऊन उभा राहिला.

मनुबाई दारात आली होती. मष्णूनं तिच्याकडं बघितलं नाही. रस्त्याकडंच बघत म्हणाला, "दिसला गं त्येला. लांबनंच दिसला."